चिऱ्यावर नाव नसतं

"चिरा मोठा का वैजी मोठी, त्ये आज एकदाचं ठरू दे," जालिंदरमामा म्हणाले आणि गाडीवरच्या मालातला एक फुटका अर्धा चिरा उपसून छातीशी धरून उभे राहिले.

जूनमधली, पाऊस लागायच्या आधीची सकाळ होती. घाटातल्या टाकीच्या वळणावर आमची गाडी चढाला तोंड करून उभी होती. कोकणातल्या खाणीतले जांभ्याचे चिरे तिच्यात काठोकाठ भरलेले. मागच्या डाव्या चाकामागे, रस्त्याला टेकून, मी केलेली पाचर होती. बाभळीच्या लाकडाची, दोन्ही टायरांना पुरेल एवढी रुंद, खाली जुन्या टायरचं रबर ठोकलेली, आणि दोन साखळ्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली. ती पाचर म्हणजे सोळा वर्षांच्या वैजयंता देवकांतची जगातली सगळी मालमत्ता होती, आणि तिच्याकडे बघून माझी मान नको तेवढी ताठ झाली होती.

"मामा, चिरा खाली ठेवा. हात दुखतील उगाच," मी म्हणाले.

"दुखू देत. बायकू परवडली, पण चिऱ्याशिवाय घाट परवडत न्हाई."

जालिंदरमामा आमच्या गाडीचे क्लीनर. नात्याने मामा नव्हेत, पण अण्णांनी गाडी विकत घेतली त्याच्या आधीपासून तिच्यावर असल्यामुळे त्यांचा मान मामाचाच. अण्णा म्हणजे माझे वडील, महिपत देवकांत. गाडी त्यांची स्वतःची, चालवायचेही तेच. ते केबिनमध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसले होते.

आता हा चिऱ्याचा काय मामला, ते सांगायला हवं. भरलेली गाडी घाट चढताना तापते. टाकीच्या वळणावर झऱ्याचं पाणी आहे, तिथे सगळे थांबून इंजिनाला पाणी पाजतात. एकट्या हातब्रेकवर भरलेली गाडी मागे सरकू शकते, म्हणून क्लीनर उडी मारतो आणि चाकामागे चिरा लावतो. इथवर ठीक. पण निघताना काय करायचं? गाडी त्या चिऱ्यावर रेललेली असते, तोवर तो निघत नाही. गाडी पुढे सरकली की सुटतो, पण तेव्हा ड्रायव्हर थांबत नाही, कारण चढावर थांबला तर पुन्हा चिरा. मग क्लीनर पळत जाऊन गाडीच्या मागच्या फळीला लटकतो आणि चिरा राहतो रस्त्यात. असे तांबडे चिरे आमच्या घाटात वळणावळणाला पडलेले असत. शिवाय जालिंदरमामांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ज्या धोंड्यानं गाडी धरली, त्याच्याकडे वळून बघायचं नाही. बघितलं की गाडी रुसते.

त्यातल्याच एका चिऱ्यावर, मी नववीत असताना हिवाळ्यात, आमच्या हिरेमठ सरांची लुना गेली. सर आम्हाला गणित आणि विज्ञान शिकवायचे. धुकं होतं, चिरा दिसला नाही. खुबा मोडला. तीन महिन्यांनी शाळेत आले ते काठी घेऊन, आणि मग कायम खुर्चीत बसूनच शिकवायला लागले. फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी चिऱ्याच्या पुष्कळ गाड्या घाट चढल्या होत्या. आमचीही चढली होती. कुणाचा चिरा होता, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. अण्णा मात्र दर बाजाराच्या दिवशी सरांकडे जायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि फारसं न बोलता परत यायचे. मला वाटायचं, माझ्या मार्कांची चौकशी करायला जातात.

पाचर सुचली ती सरांच्या खुर्चीमुळे. खुर्ची घसरू नये म्हणून मी तिच्या पायाला लाकडाचा तुकडा सुतळीने बांधला होता. सर खुर्ची ओढत नेत तिकडे तुकडा आपोआप मागोमाग जायचा. ते बघता बघता डोक्यात उजेड पडला. चिरा रस्त्यात राहतो, कारण तो गाडीचा नसतो. तो गाडीलाच बांधला तर? तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात फळीवर खेळण्यातला ट्रक ठेवून मी ते दाखवलं आणि पहिला नंबर आणला. दहावीचा निकालही झकास लागला. आता कराडला पॉलिटेक्निकला जायचं, मेकॅनिकल घ्यायचं, एवढंच बाकी होतं.

"खेळण्यातली गाडी फळीवर हुबी ऱ्हाती," अण्णा भाकरी मोडत म्हणाले होते. "माझी गाडी भरल्या मालासकट टाकीच्या वळणावर हुबी करून दाखव. केलीस तर कराड. न्हाईतर गावच्या कॉलेजात आर्ट्सला जायाचं आनि परत मशीनचं नाव काढायचं न्हाई."

"केली," मी म्हणाले.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आई चुलीपाशून म्हणाली. पण लगेच अण्णांकडे वळली. "शब्द दिलाय बरं का. मी ऐकलाय."

तर असा तो शब्द होता आणि अशी ती सकाळ.

"सोडू का?" अण्णांनी केबिनमधून विचारलं.

"सोडा."

अण्णांनी ब्रेक सोडला. गाडी मागे आली, टायर पाचरीला भिडलं, आणि माझी पाचर निलाजरेपणानं तिरकी फिरून चाकाखालून बाजूला सटकली. अण्णांनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी जालिंदरमामांनी चिरा लावला होता. गाडी अशी थांबली की जणू काही झालंच नाही.

"धोंडा त्यो धोंडाच," मामा हात झटकत म्हणाले.

"इथं रस्ताच एका अंगाला कललाय," मी म्हणाले.

"आगं, नाचता येईना अंगण वाकडं. चल, हो गाडीत. उन्हं चढायच्या आत वर जाऊ."

मला रडू आलं नाही, राग आला. रडणं आणि राग यांत मला कायम राग स्वस्त पडलेला आहे. मी गाडीखाली शिरले आणि उताणी पडून बघायला लागले. साखळ्या घरी अंगणात बांधल्या होत्या तेव्हा ताठ होत्या. आता दोन्ही लोंबत होत्या, आणि एक जरा जास्तच. मी हाताने साखळी हलवून बघितली. मग वर बघितलं. गाडीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मालाच्या वजनाने चपट्या झाल्या होत्या. सगळा सांगाडा चार बोटं खाली बसला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी घरी येते तेव्हा रिकामी असते. भरलेली गाडी कुणाच्या अंगणात उभी नसते. मी माप घेतलं होतं रिकाम्या गाडीचं, आणि तिला उभी करायला निघाले होते भरलेली.

"अण्णा," मी खालूनच ओरडले, "पाना द्या. साखळी आखूड करायची."

पाना आला. देणारा हात अण्णांचा होता, म्हणजे ते खाली उतरले होते. मी साखळ्यांच्या कड्या काढल्या, दोन्ही सारख्या केल्या, पाचर सरळ बसवली आणि कपडे झटकत बाहेर आले. केसांत ग्रीस, तोंडावर तांबडी माती.

"आणखी एकदा. पण या खेपेला चिरा नको," मी म्हणाले. "मामा, कबूल?"

मामांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा केबिनमध्ये चढत होते.

"बरं बाई. तुझं खरं," मामा म्हणाले, आणि अण्णांनी गाडी वीतभर पुढे घेताच त्यांनी पहिला चिरा काढून बाजूला नेला.

मी पुन्हा डाव्या चाकामागे, अगदी जवळ उभी राहिले. पाचर कशी धरते ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मागे उतार, बाजूला कठडा. अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हात वर केला.

ब्रेक सुटला. गाडी तसूभर मागे आली, टायर पाचरीवर चढलं, लाकूड कुरकुरलं आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. मी मनातल्या मनात कराडच्या एसटीत बसलेसुद्धा.

"धरली," मी म्हणाले. "अण्णा, धरली. आता चला पुढं."

अण्णांनी गाडी चढावर घेतली. पाचर साखळीच्या मागोमाग रस्ता घासत निघाली, अगदी सरांच्या खुर्चीमागच्या तुकड्यासारखी. ती बघत मी मागून चालत होते, आणि माझा जमिनीशी फारसा संबंध उरला नव्हता. रस्ता रुंद होतो तिथे, चढावरच, अण्णांनी गाडी थांबवली. मी सहज मागे वळून बघितलं.

गाडी जिथे उभी होती तिथे, उजव्या बाजूला, रस्त्यात एक फुटका अर्धा चिरा पडला होता.

गप्प बसले असते तर काम झालं होतं. शब्द आईने ऐकलेला होता, गाडी उभी राहिलेली होती. पण पाचरीने उभी राहिली का चिऱ्याने, हे आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं. मी परत उतरले, चिरा दोन्ही हातांनी उचलला आणि वर चढून आले. तो जड होता. अण्णांच्या दाराशी खाली टाकला.

"हा उजव्या चाकाखाली कुणी लावला?"

मामा टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"मामा, तुम्ही कबूल केलं होतंत."

"त्याला बोलू नगंस," अण्णा म्हणाले. हातब्रेक ओढून ते सावकाश खाली उतरले. "मीच खुणावलं हुतं."

"का? मी हरावं म्हणून?"

"हरावं म्हणून लावला आसता तर तुला दिसंल आसा लावला आसता."

"मग?"

"तू मागं हुबी हुतीस," अण्णा म्हणाले. "सरळ चाकामागं. आरशात दिसत हुतीस."

अडले की मी जास्त बोलते. "मग आता परत करायचं. चिरा नाही. मी तिथंच उभी राहणार. माझ्या पाचरीवर माझाच भरवसा नसेल तर दुसऱ्या कुणाचा असणार?"

अण्णांनी तो चिरा पायाने उलटा केला. तांबडी भोकाभोकांची बाजू वर आली.

"ह्यो रस्त्यात ऱ्हायला आसता," ते म्हणाले, "आनि कुनी पडला आसता, तर म्हाईत झालं आसतं का कुनाच्या गाडीचा? चिऱ्यावर नाव नसतंय. म्हणून तर आमी खुशाल टाकून जातो." मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी धुकं हुतं. आपनबी हितंच थांबलो हुतो."

मामा कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा ते बाजाराच्या दिवशीचे ओट्यावरचे चहाही कळले. मार्कांची चौकशी नव्हती ती.

"पाचरीला मातुर नाव आसनार," अण्णा म्हणाले. "तुझं. गाडी घसरली तर म्हनता येनार न्हाई, कुनाचा धोंडा कुनाला ठावं. समजलं न्हवं?"

"समजलं."

"मग तू बस केबिनमधी. मी मागं हुबा ऱ्हातो. ब्रेक तू सोड."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण अण्णा चेष्टा करत नसत, त्यांना ती जमायचीच नाही. गाडी मैदानात फिरवायला त्यांनी मला शिकवलं होतं, पाय पुरायचा. ते मागे जाऊन डाव्या चाकामागे उभे राहिले. जिथे मी उभी होते, तिथेच. कमरेचा गमछा काढून डोक्याला बांधला आणि हाताची घडी घातली.

"जालिंदर," त्यांनी हाक मारली, "तू वळनावर जाऊन गाड्या आडव. हात मोकळे ठिव."

मामा मोकळ्या हातांनी वळणाकडे गेले. जाताना एकदा मालातल्या चिऱ्यांकडे बघून गेले.

मी सीटच्या कडेवर बसून ब्रेकवर पाय ठेवला. इंजिन चालू होतं, सगळी केबिन थरथरत होती. हातब्रेक काढला. आता ती सगळी गाडी, सगळा माल, माझ्या एका तळपायावर होता. आरशात अण्णा दिसत होते. गमछा बांधलेले, हाताची घडी घातलेले, केवढेसे. इतका वेळ मला भीती वाटली नव्हती. आता वाटली. मागे मी उभी होते तेव्हा काय, घसरली तर मी गेले असते. त्यात मोठं शौर्य नव्हतं. पण इथे बसून, मागे ते.

मी हातब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"साखळी बघते."

गाडीखाली शिरून मी दोन्ही साखळ्या ताणून बघितल्या. कड्या मोजल्या. पाचरीखालच्या रबरात खडा अडकला नाही ना, ते बोट फिरवून बघितलं. सगळं ठीक होतं. वर येऊन बसले, पाय ठेवला, इंजिन चालू केलं. आणि परत उतरले. या वेळी पाचरीच्या खुंट्या ठोकून बघितल्या. एकही हलली नाही. अण्णा कपाळावरचा घाम पुसत होते, पण जागेवरून हलले नव्हते.

तिसऱ्यांदा बसले तेव्हा बघायचं काही शिल्लक नव्हतं. मला माहीत होतं की पाचर धरणार. का धरणार तेही माहीत होतं, लाकडाच्या उतारापासून साखळीच्या कडीपर्यंत. तरी पाय उचलत नव्हता. वळणावर मामा लाल फडकं हातात धरून पाठमोरे उभे होते. मी हातब्रेक काढला, आरशात अण्णांकडे बघितलं आणि पाय उचलला.

गाडी मागे गेली. तसूभरच गेली असेल, पण मला ती कोकणापर्यंत गेल्यासारखी वाटली. लाकूड कुरकुरलं. मग एक धक्का बसला आणि सगळं जागच्या जागी राहिलं. आरशात अण्णा होते. ते आता हाताची घडी सोडून, चाकाकडे वाकून बघत होते, दुकानात वांगी बघावीत तसे.

"दोनी पाय उचललेस न्हवं?" त्यांनी मागून विचारलं.

"दोन्ही."

"मग बस तशीच थोडा येळ. इंजिनाला पानी पाजतो."

त्यांनी खरोखरच सावकाश झऱ्याचं पाणी आणलं, इंजिनाला घातलं, स्वतः तोंड धुतलं, आणि मी तोवर पाय वर धरून बसले होते. मामा वळणावरून परत आले. चिरा नसलेल्या चाकामागची पाचर त्यांनी चारी बाजूंनी बघितली, मग तिला हात लावून तो कपाळाला लावला.

"आता मला गाडीत बसून काय काम?" ते म्हणाले.

"पाचर उचलून आकड्याला अडकवायची," मी म्हणाले. "आणि वळून बघितलं तरी चालेल."

तो फुटका अर्धा चिरा अण्णांनी स्वतः उचलून मालात टाकला. कराडचा फॉर्म भरून झाला त्याच दिवशी त्यांनी पेंटरला बोलावून पाचरीच्या बाजूवर पांढऱ्या रंगात 'वैजयंता देवकांत' असं लिहून घेतलं. मी दिवाळीला घरी आले तेव्हा घाट चढणाऱ्या आणखी तीन-चार गाड्यांमागे पाचरी लोंबत होत्या, ज्याच्या त्याच्या नावाच्या. त्यातली पहिली पाचर ज्या गाडीला जोडली ती हिरेमठ सरांच्या भावाची होती, आणि सरांनी तिच्या साखळीचं माप भरल्या गाडीवर घ्यायला लावलं होतं.

माझी सगळी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. आता अण्णा थकलेत. गाडी भंगारात गेली, पाचर मात्र परसदारी भिंतीला टेकवून ठेवली आहे. मागच्या उन्हाळ्यात ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते, तेव्हा मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"अण्णा, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"पाचर घसरेल म्हणून?"

"पाचरीची न्हाई. तू दुसऱ्यांदा खाली उतरलीस, तवाच ती गेली." अण्णांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि कातरली. "भ्या वाटत हुतं ते तू पाय उचलायची न्हाईस याचं."

"नसता उचलला तर?"

"तर मग तुला आर्ट्सला घातली आसती," अण्णा म्हणाले, "आनि मी जल्मभर चिरं टाकत बसलो आसतो."